लोकरीला आळशी माणूस लागतो

आमच्या गोव्यातल्या पार्सेत थंडी पडते, हे पुण्या-नाशिकच्या पाहुण्याला सांगू नये. तो आधी हसतो आणि मग पंखा लावायला सांगतो. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा २० अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा ३२-३३ वर जाऊन बसतो. आकडा खरा आहे. पण थंडी आकड्यात नसते, अंगाच्या सवयीत असते. वर्षातले नऊ-दहा महिने ज्याचा बनियन पाठीला चिकटलेला असतो, त्याला २० अंशांत हुडहुडी भरली तर त्यात ढोंग काही नाही.

म्हणून जत्रांचे दिवस आले की पेडणे तालुक्यात रात्री एक वेगळाच वेष दिसू लागतो. दशावताराचा खेळ मध्यरात्रीनंतर रंगात येतो आणि समोर बसलेला गाव माकडटोप्या, मफलर, स्वेटर, लोकरी मोजे असा जय्यत तयारीने बसलेला असतो. मोज्यांवर अर्थातच चपला. चपलेला अंगठा असतो, मोज्याला नसतो. मग मोज्याचा शेंडा अंगठ्याच्या बेचक्यात कोंबून चालायचे आणि चार पावलांवर तो निसटून पुढे लोंबू लागला की थांबून पुन्हा कोंबायचा. तिकडे संकासुर प्रवेश करतो आणि इकडे पहिल्या रांगेतून डांबरगोळ्यांचा वास मागच्या रांगेत प्रवेश करतो, कारण हे सगळे भरजरी वैभव गेल्या वर्षापासून पेटीत होते.

जरा निरखून पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या रांगेतल्या निम्म्या पुरुषांचे स्वेटर बेंबीच्या वरच थांबलेले असतात. बाह्या कोपराशी आलेल्या. हात वर करून टाळी वाजवली की पोट प्रेक्षकांत सामील होते. ही माणसे वर्षभरात वाढलेली नसतात. स्वेटर आटलेले असतात.

गोव्यात मेंढी नाही. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस जिथे कोसळतो, तिथे कोणता धनगर आपला कळप घेऊन येईल? घाटावरून आलेले घोंगडे सोडले, तर लोकर ही पार्सेला पूर्णपणे पाहुणी वस्तू. ती येते इंग्लंडहून. पोर्तुगालच्या पासपोर्टवर स्विंडनला नि साउथॉलला गेलेली मुले येताना आईवडिलांसाठी चॉकलेटे आणि जाड लोकरी मोजे आणतात. आईवडिलांना पार्सेत लोकरी मोज्यांचा काय उपयोग, हा प्रश्न त्यांना पडत नाही. तिकडच्या थंडीत राहून त्यांना सगळे जग गारठलेले वाटते. काही माल काश्मीर, मनाली नि चारधामच्या सहलींतून येतो. काही हरमल-कळंगुटच्या तिबेटी दुकानांतून. आणि मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून दिल्लीच्या धुक्यातून अंगातल्या जॅकेटासकट थेट आमच्या उन्हात उतरणारी मंडळीही पाहायला मिळतात. त्यातला एखादा नात्यातला निघाला तर जाताना तो स्वेटर इथेच ठेवून जातो. बॅगेत काजू भरायला जागा हवी असते.

तर असा आलेला माल वर्षभर पेटीत, आठवडाभर अंगात, आणि मग एके दिवशी धुण्याला.

खरी गोष्ट इथे सुरू होते. आमच्या बाजूची बायकामाणसे कामाला वाघ. कपडा धुवायचा म्हणजे तो नुसता स्वच्छ होऊन भागत नाही, त्याला आपण धुतलो गेलो हे कळायला हवे. न्हाणीतल्या भाणात पाणी तापवायचे. सुती चादरीला जेवढी पावडर, तेवढीच स्वेटरला. वर आणखी एक मूठ, कारण ‘परदेशातली वस्तू, नीट धुवायला हवी.’ मग गळ्याला आणि मनगटाला ब्रश. मग धुण्याच्या दगडावर चार तडाखे. मग दोघींनी दोन टोके धरून उलटसुलट पीळ. आणि शेवटी दोन्ही खांद्यांना चिमटे लावून कडकडीत उन्हात दोरीवर. संध्याकाळी काढायला जावे तर शेजारीण विचारते, “हो स्वेटर कोणाचो गो? नातवाचो?”

यात कुठेही निष्काळजीपणा नाही, हे लक्षात घ्यावे. स्वेटर आटला तो हयगयीने नव्हे, मायेने. जेवढी माया अधिक तेवढा स्वेटर लहान. घरातला जो कपडा कोणी मनावर घेऊन धुतला नाही, तो अजून ढगळ आहे.

कारण लोकर हा कपडा असला तरी मुळात केस आहे. केराटिन नावाच्या प्रथिनाचा केस, तुमच्या-आमच्या डोक्यावरचाच, फक्त मेंढीचा. त्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात, सगळ्यांची तोंडे टोकाच्या दिशेने. मेरिनोचा धागा २० मायक्रॉनच्या आसपास जाड, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. तेव्हा त्यावरचे खवले डोळ्यांना दिसायचे नाहीत. कोरडे असताना ते निमूट पडून असतात. पाणी लागले, ऊब लागली, आणि साबणातला क्षार मिळाला की धागा फुगतो, खवल्यांची टोके वर उचलली जातात. तोवरही बिघडलेले काही नसते. पण अशा अवस्थेत तुम्ही त्याला चोळला, की एक केस दुसऱ्यावरून सरकतो, आणि सरकतो तो एकाच दिशेने. गवताचे कुसळ पायजम्यात शिरले की वरवरच चढते, खाली म्हणून येत नाही, तसेच हे. प्रत्येक चोळीगणिक केस पुढे जातो आणि तिथेच अडकतो. हजारो केस एकमेकांत असे घुसले की विणीची भोके बुजतात, कपडा जाड होतो, आखूड होतो, आणि मग ब्रह्मदेव आला तरी तो सुटत नाही.

सगळा गाव खापर फोडतो गरम पाण्यावर. ते बिचारे साथीदार आहे, पण मुख्य आरोपी नव्हे. लोकर रंगवणारे कारागीर ती जवळजवळ उकळत्या पाण्यात तासभर ठेवतात आणि ती आटत नाही, कारण ते तिला ढवळत सुटत नाहीत. पाणी हळूहळू तापवतात, हळूहळू निववतात, मध्ये गपचूप बसतात. याच्या उलट थंड पाण्यात घालून दगडावर बडवलेला मोजा हमखास आटतो. मोज्याचे तर न धुताही असे होते. टाचेखाली घाम असतो, ऊब असते आणि प्रत्येक पावलाला घासणी असते. म्हणजे आटायची सगळी सामग्री माणूस पायातच घेऊन फिरतो. जुना लोकरी मोजा उलटा करून टाचेवर बोट फिरवून पाहा, तिथली वीण नाहीशी होऊन घट्ट चामट थर झालेला सापडेल.

या विद्येचा उलट उपयोगही आहे आणि तो आपल्या लोकांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. बुरणूस करतात तो असाच. पिंजलेल्या लोकरीचे थर पसरायचे, साबणाचे पाणी शिंपडायचे, गुंडाळायचे आणि मळून-तुडवून एकजीव करायचे. ना माग, ना सुई, ना दोरा. प्राचीन रोममध्ये तर लोकरी कापड तुडवून घट्ट करण्याचा धंदाच होता आणि त्यासाठी ते लोक शिळे मूत्र वापरीत, कारण त्यात अमोनिया असतो. वेस्पाझियन नावाच्या बादशहाने या मूत्रावर कर बसवला होता. आमच्या गावात सल्लागारांची वाण नाही, तरी हा उपाय अजून कोणी सुचवलेला नाही. सुचवलाच तर कराची गोष्ट मी पंचायतीच्या कानावर घालणार नाही. सांगायचे ते एवढेच की बुरणूस करायला कसबी हात आणि दिवसभराची मेहनत लागते, आणि पार्सेतली गृहिणी तो इंग्लंडहून आलेल्या उंची स्वेटराचा, इतर कामे सांभाळून, दुपारच्या आत करून दाखवते.

आता कोणी म्हणेल, कंपनी सूचना देते ना! देते. स्वेटरच्या आत, कुशीजवळ किंवा मानेपाशी, एक पांढरी चिठ्ठी शिवलेली असते. ती मानेला टोचते. म्हणून नवा स्वेटर घरात आला की पहिले काम कात्री आणून ती चिठ्ठी कापण्याचे. ज्या घरी ती वाचली, तिथेही ती मराठीत नसते, इंग्रजीतही नसते, चित्रांत असते. पाण्याचा टब आणि त्यात ३० हा आकडा. टबाखाली एक आडवी रेघ म्हणजे हळू, दोन रेघा म्हणजे फारच हळू. टबात बुडालेला हात म्हणजे हाताने धुवा. पण हातांच्या स्वच्छतेची चित्रे गावात इतकी लागून गेली आहेत की पुष्कळांनी स्वेटर घालण्याआधी हात धुतले. फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच नको. चौकोनात वर्तुळ आणि त्यावर फुली म्हणजे ड्रायरमध्ये टाकू नका. आणि चौकोनाच्या मध्यावर एक आडवी रेघ म्हणजे आडवे पसरून वाळवा. या शेवटच्या चित्राला एका सद्गृहस्थांनी टपालपेटी ठरवले आणि स्वेटर पोस्टाने परत मागवतात की काय, असे चारचौघांत विचारले.

त्या ३० आकड्याची आमच्याकडे आणखीच गंमत. हे चित्र काढणारा माणूस थंड देशातला असावा. त्याचे म्हणणे, पाणी ३० अंशांपेक्षा जास्त तापवू नका. इथे एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी कोणी न तापवताच चाळिशीकडे निघालेले असते. नळ सोडला की हात मागे घ्यावा लागतो. अशा वेळी विहीर उपयोगी पडते. चिऱ्याच्या दगडातल्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही ३० च्या खाली असते आणि मऊ असते. फेस पटकन येतो. देशावरच्या जड पाण्यात साबणाचा जो चिकटा राहतो तो इथे राहत नाही. लोकर धुवायला याहून चांगले पाणी पैसे देऊन मिळायचे नाही. देवाने मेंढी दिली नाही, पाणी मात्र दिले.

साबणाचे तेवढे सांभाळावे लागते. रोजची पावडर क्षारयुक्त, खवले उघडायला उत्सुक. त्यातही डाग खाणारी म्हणून जिची जाहिरात होते, तिच्यात प्रथिने पचवणारी विकरे असतात. ती बांगड्याच्या हुमणाचा डाग खातात हे खरे, पण त्यांच्या लेखी बांगडाही प्रथिन आणि बाहीही प्रथिन. त्यांना पंक्तिभेद ठाऊक नाही. म्हणून लोकरीला ईझीसारखा पातळ, सौम्य साबण, किंवा आपला जुना रिठा. रिठ्याची साले रात्री भिजत घालावीत, सकाळी उकळून गाळून घ्यावीत. सोनार दागिने ज्याने उजळतात तेच पाणी स्वेटरलाही मानवते. आणि यातले काहीच घरात नसेल तर न्हाणीतला शाम्पू. मघाशी म्हटले तसे, हे शेवटी केसच.

आता खुद्द धुणे. हे काम मी तरी घरातल्या सर्वांत आळशी माणसाकडे द्यावे या मताचा आहे. बहुतेक घरांत तो पुरुष असतो आणि आजवर त्याच्या अंगच्या गुणांना शोभेल असे काम त्याला कोणी दिलेलेच नाही. त्याने टबात विहिरीचे पाणी घ्यावे, चमचाभर साबण सोडावा, स्वेटर उलटा करून पाण्यात बुडवावा, तळहाताने दोनचार वेळा दाबावा आणि चहा प्यायला जावे. दहा मिनिटांनी यावे. पुन्हा दाबावा. चोळू नये, घासू नये, पिळू नये, आपटू नये. म्हणजे जे जे करायचा त्याला मुळात कंटाळा आहे ते ते करू नये. पाणी बदलावे, पण तेवढ्याच उबेचे घ्यावे. शेवटच्या पाण्यात सोरपोतेलासाठी ठेवलेल्या व्हिनेगरचा एक चमचा घातला तर राहिलेला क्षार मरतो. वास राहत नाही, हे मासे खाणाऱ्या घरात सांगायची गरज नाही.

उचलताना मात्र खांद्याला धरून उचलायचा नाही. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पिऊनही कोरडी वाटते. मग पाण्यात बुडाल्यावर ती किती पीत असेल! तेवढ्या भाराने खांदे ताणतात आणि बाह्या गुडघ्याला लागतात. चिमट्याला टांगलेल्या स्वेटरची छाती आटलेली आणि बाह्या लांबलेल्या, हा प्रकार मी पाहिला आहे. तो ज्याच्या मापाचा असेल असा माणूस जगात कुठे भेटेल असे वाटत नाही. दोन्ही हात खालून घालून गोळा उचलावा, दाबून पाणी काढावे, जाड टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करावी आणि त्या गुंडाळीवर उभे राहावे. इथे थोडे वजन कामी येते, तेही बहुधा त्याच माणसाकडे असते. मग सोप्यावर चटई टाकून, लांबी-रुंदी हाताने सारखी करून, सावलीत आडवा. वाळायला दीड-दोन दिवस लागतात. या काळात त्यावर मांजर झोपणार हे धरून चालावे.

इतकेही रोज करायचे नाही. आमच्या आज्यांच्या पिढीला हे पक्के माहीत होते. सोवळ्यासाठी लोकरीची धाबळी असे. सुती लुगडे सोवळ्याला हवे तर रोज धुवायचे, कोणाचा हात न लागेल असे उंच वाळत घालायचे, काठीने काढायचे. धाबळीला यातले काही नाही. झटकली, वाऱ्यावर टाकली, झाली शुद्ध. लोक याला धर्म म्हणत आणि नव्या पिढीतले शहाणे याला घाण म्हणत. पण लोकर घामाचा वास धाग्याच्या आत धरून ठेवते आणि मोकळ्या हवेवर टाकली की सोडून देते, हे आता गिर्यारोहणाचे महाग मोजे विकणारे तोंड भरून सांगतात. तेच मोजे आठवडाभर न धुता वापरा असा त्यांचा सल्ला असतो, आणि तो ऐकून नातू चकित होतो. आजी हयात असती तर तिने मोजेही सोवळ्यात घेतले असते.

पावसाळ्याआधी मात्र एकदा धुवावेच लागते. कसर लागते ती धाग्यापेक्षा आधी धाग्यावरच्या घामाला आणि जत्रेतल्या भज्यांच्या तेलाला. आणि आमच्या जूनमध्ये अर्धवट ओला स्वेटर पेटीत गेला तर ऑक्टोबरात त्यावर बुरशी निघते.

आटलेला परत मोठा होतो का, हे मला गावात नेहमी विचारतात. थोडा आखडला असेल तर होतो. यंत्रावर ताणून विणलेला धागा पहिल्या पाण्यात आपल्या मूळ मापावर येतो, ते खरे आटणे नव्हे. अशा वेळी केसांना लावायचे कंडिशनर कोमट पाण्यात घालून अर्धा तास भिजवावा आणि हळूहळू ओढून मापावर आणावा. खवले एकमेकांत रुतले असतील तर मात्र नमस्कार करावा. मग तो स्वेटर मुलाकडून नातवाकडे, नातवाकडून देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाकडे जातो. पुण्यात सारसबागेच्या गणपतीला थंडीत स्वेटर-कानटोपी घालतात, तेव्हा देवांनी लोकर वापरण्यात शास्त्राची आडकाठी नसावी.

हे सगळे ज्ञान मी शेजारच्या काकींना एकदा सविस्तर ऐकवले. त्या ओट्यावर काजूच्या बिया निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, आत गेल्या आणि एक तपकिरी स्वेटर आणून माझ्यापुढे टाकला. काकांचा. भाणातले कढत पाणी, वडीचा साबण, ब्रश, दगड, पीळ, ऊन, सगळे संस्कार वर्षानुवर्षे झालेले. आणि स्वेटर जसाच्या तसा, बाहीचे एक बोटही कमी नाही. “आता सांग,” म्हणाल्या.

मी आतल्या शिवणीतला एक सुटा धागा मागून घेतला आणि काडी लावली. खरी लोकर जळताना केस जळल्याची घाण येते, आग आपोआप विझते आणि मागे राहिलेली काळी राख बोटांत चुरडते. हा धागा भसकन पेटला, वितळला आणि टोकाला एक कडक काळा मणी झाला. नखाने फोडता फुटेना. वास प्लॅस्टिकचा. म्हटले, काकी, ही लोकर नव्हे, अ‍ॅक्रिलिक आहे. याला खवलेच नसतात, हा आटणार कसा?

काकींनी तो मणी हातात घेतला, उजेडात धरून पाहिला आणि सोप्यावर पसरलेल्या माझ्या मेरिनोकडे एक नजर टाकली. तिथे मांजर झोपले होते.

“म्हणजे तुझो तो महाग, त्येका चहा पिऊन-पिऊन सांभाळूक जाय,” त्या म्हणाल्या, “आणि आमचो हो स्वस्त, दगडार आपटलो तरी तसोच. मगे फसलो कोण?”

आणि त्यांनी स्वेटर उचलून थेट न्हाणीकडे नेला, कारण मी हात लावल्यामुळे तो आता धुवायला हवा होता.